बाप आला की गॅस बंद

काकाजींच्या भोजनालयात मी पहिल्यांदा जेवायला गेलो, त्या दिवशी उगाचच उभा राहिलो होतो.

झालं असं. मी नुकताच नागपुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायला लागलो होतो. बायको भंडाऱ्याला नोकरीत, त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस माझं पोट बाहेरच्यांच्या भरवशावर. कोणीतरी इतवारीच्या मागचा पत्ता दिला. कोष्ट्यांची जुनी वस्ती, एका वेळी एकच स्कूटर जाईल असा बोळ, आणि बोळाच्या टोकाला सावजी भोजनालय. पाटी नाही. टेबलं पाच. मी कोपऱ्यात बसलो. आत कढईत काहीतरी भाजणं चाललं होतं. तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "मास्तर आला वं! उतरव!"

मला वाटलं, वा, काय आदरातिथ्य! मी उठलो, शर्ट खाली ओढला, आतल्या दाराकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार. पण आपण ओळखलंत कसं?"

आतून कोणी पाहिलंसुद्धा नाही. कढई खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला. शेजारच्या टेबलावर इतवारीतला एक हमाल जेवत होता. तो घास न थांबवता म्हणाला, "बसा जी. थो दुसरा मास्तर हाय. मरून गेला."

हा मेलेला मास्तर म्हणजे दगडफूल.

काकाजी मसाला भाजायचे तो घड्याळ बघून नाही, रंग बघून नाही, चमच्यानं ढवळून चिमटीत घेऊनही नाही. ते डोळे मिटून कढईवर वाकायचे आणि कोणीतरी आठवायची वाट बघायचे. धने भाजत आले की त्यांना मौद्याला दिलेली थोरली बहीण आठवायची. दगडफूल तापलं की शाळेतला मास्तर, कारण त्यानं यांना पावसाळाभर ओल्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. खोबऱ्याला आई. आणि सगळ्यात शेवटी, रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ भाजायचं, त्याला बाप. काकाजींचा बाप विणकर. माग होता तेव्हा सुताच्या ताण्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावायचे. खळ शिजताना बुडाला जरा लागली की जो वास सुटायचा, तोच या पिठाचा. स्वयंपाकघर म्हणजे तरी काय, जुनी मागाचीच खोली. ज्या खड्ड्यात पाय सोडून बाप विणायला बसायचा, तो खड्डा बुजवून त्याच्यावरच शेगडी मांडलेली.

"जोवर माणूस येत नाही तोवर भाजाचं," काकाजी सांगायचे. "अन् आल्यावर त्याले ताटकळत ठेवाचं नाही. जळून जाते माणूस. बाप आला की गॅस बंद."

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, परात घेऊन बाजूला उभ्या असायच्या. तीस वर्षं रोज दुपारी सासरची सगळी मंडळी एकामागून एक स्वयंपाकघरात येताना त्यांनी ऐकली होती. एकदा मला म्हणाल्या, "माह्या सासूले म्या जितेपनी येवढं नाही भेटली, सर, जेवढी खोबऱ्यात भेटली."

काकाजी साठीच्या पुढचे, काटकुळे, अंगात बंडी, कमरेला पंचा आणि गळ्यात तुळशीची माळ. हो, माळ. मटणाचा असा रस्सा करणारा माणूस, की ज्यासाठी लोक शहराच्या दुसऱ्या टोकावरून यायचे, आणि तो स्वतः माळकरी. तीस वर्षांत त्यांनी स्वतः केलेल्या रस्स्याचा थेंब चाखला नव्हता. मीठ, तिखट, सगळं वाफेवर. "मीठ कमी असलं की वास उघडा येते," म्हणायचे. उघडा वास म्हणजे काय, हे मी अनेकदा कढईवर वाकून बघितलं. मला कधीच कळलं नाही. कळणार कसं? त्यांचं नाक चिमूटभर. माझं नाक म्हणजे चेहऱ्यावरचं अतिक्रमण, आणि उपयोग चष्मा टेकवण्यापुरता. आमच्या इमारतीत एकदा गॅस गळला, सगळे बिऱ्हाडकरू खाली रस्त्यावर, आणि मी वर बसून निवांत उत्तरपत्रिका तपासत होतो.

माळेची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवतो. पुढे जे मी केलं, ते मला माहीत नव्हतं म्हणून केलं, अशी पळवाट मला ठेवायची नाही.

बाप शेवटच्या आजारात होता. डॉक्टरांनी तिखट, तेलकट, मटण सगळं बंद केलेलं. बाप जन्माचा मटण खाणारा. अंथरुणावरून म्हणाला, रस्सा कर. मुलानं ऐकलं नाही. मग म्हणाला, "खाऊ नको देऊ बाप्पा, वास तं येऊ दे घरात." मुलाला भीती, वास आला की हट्ट वाढेल. त्यानं घरात फोडणीसुद्धा पडू दिली नाही. वरण आणि भाताची पेज. आठवड्यात बाप गेला.

"थ्यानं वास मांगतला," काकाजी म्हणाले, "अन् म्या थोही देल्ला नाही. मंग माह्या पोटात कसं जाईन?" स्मशानातून आल्यावर त्यांनी शब्द दिला. मटणाचा थेंबही आपल्या पोटात जाणार नाही. भजनी मंडळातून माळ घेतली. आणि वर्षभरात त्याच घरात भोजनालय काढलं. रोज दुपारी बारा वाजता त्या घराला वास पुरवणं, एवढंच ते करत होते असं मला कधी कधी वाटतं. आम्ही जेवून जायचो, हा त्यातला जोडधंदा.

माणसांनाही ते असेच वासावरून ओळखायचे. दारातून आत आल्या आल्या नाकपुडी हलायची आणि निकाल लागायचा. "तुमी दवाखान्यातून येऊन राहिले. कोनाचं काय झालं?" किंवा, "भांडून आले ना? बसा, पानी प्या, मंग वाढतो." माझं तर त्यांनी वेळापत्रकच केलं होतं. शनिवार-रविवार भंडाऱ्याला बायकोकडे राहून मी सोमवारी परतायचो. सोमवारी माझ्या ताटात फिकं वरण. मी तक्रार केली तर म्हणाले, "सर, आज तुमी वयिनीच्या घरचा साबन लावून आले. आज तिखट नाही सोसत तुमाले. डोये आधीच भरले राहतात."

मी म्हणालो, "काहीतरीच काय काकाजी!" आणि वरण खाताना खरंच डोळे भरून आले. फिक्या वरणानं डोळ्यात पाणी आलेला नागपुरातला मी पहिलाच माणूस असेन. लपवायला तिखटाचं निमित्तही नव्हतं.

कन्हानचे एक म्हातारे दर गुरुवारी यायचे. खाणीतून रिटायर झालेले. ते जेवायचेच नाहीत. मागच्या बोळात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली काकाजी त्यांच्यासाठी खुर्ची टाकायचे. खोबरं भाजेपर्यंत ते तिथे बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि वास येऊन गेला की उठून बस पकडायचे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती खोबरेल चोपडून वेणी घालायची, एवढंच त्यांनी काकाजींना सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, हे काय जेवत नाहीत? काकाजी म्हणाले, "थे भेटाले येतात. भेटाले आलेल्या मानसाले ताट कायले वाढाचं?"

अशा या घरात मी एकदा अत्तर लावून गेलो.

कॉलेजातल्या एका लग्नाला जायचं होतं. मला कोणताच वास येत नसल्यामुळे मी अत्तर लावताना प्रमाणाचा विचार करत नाही. लावतो आणि देवावर सोडतो. जाता जाता काकाजींना भेटावं म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरलो. खोबरं कढईत. काकाजी डोळे मिटून वाकलेले. त्यांनी एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग डोळे उघडून कढईकडे बघत राहिले. खोबरं तांबूस झालं, तपकिरी झालं, काळं पडायला लागलं, काकू परात पुढे करून "अजी, अजी" म्हणतात, आणि हे हलायला तयार नाहीत. शेवटी सगळं खोबरं जळलं. त्या दिवशी मटण झालंच नाही. जेवायला आलेल्या लोकांना बेसनाची पाटोडी आणि भात.

मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "तुमी काही नाही केलं, सर. फक्त माह्या मायले दाराबाहेर उभं केलं. थे वापस चालली गेली."

आता बघा, या प्रसंगात मान खाली घालून गप्प बसण्यासारखं किती होतं! मी काय केलं? दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ही गोष्ट रंगवून सांगितली. नाकपुड्या फुगवून, डोळे मिटून, हवेत खोबरं ढवळून. लोक टेबलावर डोकं ठेवून हसले. मला हे व्यसन फार लहानपणी लागलेलं आहे. कोणी हसलं की मला पुढचं वाक्य आपोआप सुचतं, आणि ते खरं असेलच असं नसतं.

मग कोरोना आला. भोजनालय बंद, कॉलेज बंद. दुसऱ्या लाटेत काकाजी आणि काकू दोघंही आजारी पडले, घरीच बरे झाले, असं फोनवर कळलं. पुढे सगळं उघडलं तेव्हा मी पुन्हा जायला लागलो. काकाजी जास्तच काटकुळे झाले होते. स्वयंपाकघरात एक नवीन भिंतीवरचं घड्याळ लटकलं होतं.

मी त्या घड्याळावर विनोद केला. म्हणालो, "काय काकाजी, आता सगळे पाहुणे टायमावर येतात वाटतं?" ते हसले नाहीत. मला वाटलं, विनोद जमला नाही.

आतून येणाऱ्या हाका बंद झाल्या होत्या. बहीण येत नव्हती, मास्तर येत नव्हता. नुसतं "उतरव." सोमवारी माझ्या ताटात झणझणीत तर्री पडू लागली. गुरुवारी कन्हानचे म्हातारे खिडकीखाली बसलेले असत आणि काकाजी आतून विचारत, "आल्या का जी बाई?" म्हातारे मान डोलावत, की लगेच गॅस बंद. मी हे सगळं बघत होतो. भूगोल शिकवतो मी. ढग बघून पाऊस सांगायला पोरांना शिकवतो. आणि समोरच्या माणसाचं नाक गेलंय, हे मला दिसलं नाही. लोक म्हणायचे, चव पहिल्यासारखी राहिली नाही. मी म्हणायचो, मला तर काही फरक कळत नाही. तेवढं मात्र खरं होतं.

एके दिवशी दुपारी मी लवकर गेलो. काकूंनी दिलेला डबा परत करायचा होता म्हणून मागच्या बोळातून खिडकीशी आलो. आत काकाजी एकटेच. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि खिळ्याला अडकवली. मग चमच्यानं चार थेंब रस्सा तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. डोळे मिटले. तसेच उभे राहिले. बराच वेळ. मग मोरीवर जाऊन थुंकले, दोन चुळा भरल्या, तिसरी भरली, हात धुतले, माळ पुन्हा गळ्यात घातली आणि रस्स्यात मीठ टाकलं.

मी बोळात उभा राहून तोंडावर हात दाबून हसत होतो.

का हसत होतो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. माळ काढून खिळ्याला अडकवण्याची ती लगबग, लहान मुलानं चोरून साखर खावी तशी. मला त्यांच्याबद्दल प्रेम होतं हो. पण प्रेमाच्या माणसाची गंमत सांगायला तर मला जास्तच जोर येतो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ती सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. रुमालाची माळ केली, ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. चहाच्या कपातून चमचा घेतला. लोक हसायला लागले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यानं मोबाईल वर धरला. आणि मी थुंकायच्या जागी आलो तेव्हा मला जाणवलं, की थुंकलं तर गोष्ट बसते. माणूस थुंकला, संपलं, त्यात हसायचं काय? म्हणून मी गिळलं. चाटूनपुसून गिळलं. बोटं चोखली. वर एक लांबलचक ढेकर दिली, माळ गळ्यात घातली आणि डोळे मिटून हात जोडले.

असं हसणं त्या खोलीत पूर्वी कधी झालं नव्हतं. आमचे प्राचार्यसुद्धा दारात उभे राहून हसले.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठे कुठे गेला, मला माहीत नाही. त्या बोळातल्या एका घरातली मुलगी आमच्याकडे अकरावीत होती, एवढं नंतर समजलं. काकाजी ज्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे, त्या मंडळातल्या प्रत्येक मोबाईलवर मी ढेकर देत होतो. नाव कोणाचं घेतलं नव्हतं मी. घ्यायची गरजच नव्हती. माळकरी आणि मटणाचा आचारी असा माणूस अख्ख्या इतवारीत एकच.

दोन दिवसांनी मी जेवायला गेलो तर दार ओढलेलं. काकू ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"आज जेवन नाही, सर."

"काकाजी कुठे आहेत?"

"मंडयात गेले. माळ वापस कराले."

मला वाटलं, मंडळाच्या लोकांनी बोलावलं असेल, अपमान केला असेल. काकू म्हणाल्या, नाही. मंडळाचे बुवा उलट घरी येऊन गेले. म्हणाले, पोरांची मस्करी आहे, मनावर घेऊ नका, तुम्ही फक्त सांगा की असं काही झालं नाही. आणि हे म्हणाले, झालं तसं.

"म्या म्हटलं, अजी, तुमी तं थुंकता ना? तं म्हणते कसा मानूस," काकूंचा आवाज पहिल्यांदा हलला, "'मले काय माहीत वं? चार थेंबाइतलं किती गेलं अन् किती आलं? सरनं डोयानं पाह्यलं. सर म्हणतात गिळलं, तं गिळलं असीन.'"

मग त्यांनी मला बाकीचं सांगितलं. कोरोनात त्यांचा वास गेला, तो आलाच नाही. काकूंचा महिन्याभरात आला, त्यांचा नाही. कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. रोज कढईवर वाकायचे, नुसती गरम वाफ तोंडावर. "मीठ-तिखटाचं काही नाही सर, थे म्या पाहून घेतलं असतं. म्या चाखते म्हटलं तं आयकत नोहते. त्याइले वाटे, वासानं नाही तं जिभेनं तरी येईन बाप. येकदा तरी येईन. म्हणून चार थेंब घेत अन् डोये लावून उभे राहत. आला काय म्हणून इचारलं तं नाही म्हणून मान हालवत." त्यांनी सुपातला एक खडा काढून बोळात फेकला. "तुमाले हासू आलं ना थे पाहून?"

मी तसाच वळून बोळातून चालू लागलो.

घरी येऊन मी आधी सोपा मार्ग धरला. कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं: मित्रहो, त्या व्हिडिओतला शेवट खोटा आहे. ते गृहस्थ थुंकले होते, तीन वेळा चूळ भरली होती, गिळण्याचा भाग मी हसवण्यासाठी जोडला. कृपया हे सगळीकडे पाठवा. पाच मिनिटांत सतरा हसणारे चेहरे आले. एकानं लिहिलं, "सर, पार्ट टू कधी?" रसायनवाल्यानं लिहिलं, "तीन वेळा चूळ! सर, तुम्ही कमाल आहात." आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ग्रुपवर एक साधं खरं वाक्य लिहिलं होतं आणि ते माझ्या सगळ्या विनोदांपेक्षा जास्त चाललं.

मग बुवांकडे गेलो. ते भले माणूस. त्यांनी मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "सर, तुमी चांगले आहात, म्हाताऱ्याचं मन राखाले आले. पन थे सोतःच हो म्हणून गेले. आता मी काय करू?" माझी साक्ष त्यांनी चहाच्या कपासारखी हळूच बाजूला ठेवली.

काकाजींसमोर जायला मला आठ दिवस लागले. या आठ दिवसांत मी रोज इतवारीपर्यंत जाऊन परत आलो. एकदा तर बोळाच्या तोंडाशी काकाजी स्वतःच दिसले, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि मी एका भांड्यांच्या दुकानात शिरून गरज नसताना पातेल्यांच्या किमती विचारत बसलो.

नवव्या दिवशी गेलो. भोजनालय पुन्हा सुरू झालं होतं. गिऱ्हाईक अजून यायचं होतं. काकाजी शेगडीसमोर, काकू परात घेऊन बाजूला. त्यांचा गळा मोकळा होता. माळ जिथे घासायची तिथली कातडी उरलेल्या मानेपेक्षा उजळ दिसत होती, आणि माझी नजर तिथून हलेना.

"या सर," ते म्हणाले. जसं काही घडलंच नव्हतं.

"काकाजी, मला काही सांगायचंय."

"बसून सांगा."

मी बसलो नाही. "तुम्ही गिळलं नव्हतं. मी खिडकीत होतो. मी नीट पाहिलं. तुम्ही मोरीवर गेलात, थुंकलात. तीन चुळा भरल्यात. एक थेंब पोटात गेलेला नाही."

त्यांनी पळी कढईच्या काठावर ठेवली.

"मंग मोबाईलमंदी काहून तसं?"

मी उत्तर तयार करून आलो होतो. त्यात बरीच कारणं होती. पण त्या उघड्या गळ्यासमोर एकच बाहेर आलं. "लोक हसत होते म्हणून."

"थुंकलं असतं तं?"

"हसले नसते."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची मला नक्कल तरी करता येते. काकू म्हणाल्या, "आयकलं ना? आता जा अन् माळ आना."

"कोन्या तोंडानं आनू?" काकाजी म्हणाले. "आधी सरच्या म्हणन्यावरून देल्ली, आता सरच्या म्हणन्यावरून आनू? उद्या सरले अजून काही आठवलं तं?"

"नाही हो, काकाजी, आईशप्पथ," मी म्हणालो. माझा आवाज मलाच शाळेतल्या पोरासारखा ऐकू आला. "मी मंडळासमोर उभा राहून सांगतो. माईकवर सांगतो. मी खोटं बोललो असं सांगतो."

"अन् लोकं हासतीन."

त्यांनी गॅस बारीक केला.

"तुमचा दोष नाही, सर. तुमी उभे राहले का लोकं हासाले तयारच राहतात." मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्या थुंकलो ना? तुमी पाह्यलं. मले वाटेच का थुंकलो म्हणून. पन आजकाल मले माह्या कशाचाच भरोसा वाटत नाही. नाकाचा नाही, तोंडाचा नाही. म्हटलं, येक धडधाकट मानूस पाहून सांगते, तं थेच खरं."

मी तेव्हा रडलो असेन. नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही ते आता मी जोडत नाही.

काकाजींनी रस्स्याच्या पातेल्यात पळी बुडवली. अर्धी पळी वर काढली, फुंकर मारली. काकू "अजी!" म्हणेपर्यंत त्यांनी ती तोंडाला लावली. माझ्याकडे बघत. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"आता पाह्यलं ना नीट?" ते म्हणाले. "आता कोनी इचारलं तं सांगा बिनधास्त, गिळलं म्हणून. आता तुमी खोटे नाही."

काकूंच्या हातातली परात खाली आली होती. काकाजींनी डोळे मिटले, तसेच क्षणभर उभे राहिले, कढईवर वाकून उभे राहायचे तसे. मग उघडले, नाही म्हणून मान हलवली आणि मिठाच्या डब्याकडे हात नेला.

"मीठ कमी हाय," म्हणाले.